घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप: डिस्क घ्यावी, क्लाउड घ्यावा की नास?

अंबाझरी_खालचा
मंडळी, सल्ला पाहिजे. घरात कॉम्प्युटर एक आणि वापरणारे चौघं. बाबांनी स्कॅन करून ठेवलेले जुने फोटो आणि गावच्या देवस्थानासाठी वर्षानुवर्षं टाइप केलेले कागद, बायकोचं टॅली (दोन-चार दुकानदारांचे हिशेब ती घरून बघते), पोरीचे कॉलेजचे प्रोजेक्ट आणि माझं सटरफटर. सगळं मिळून ६०० जीबीच्या घरात जातं. विंडोज १०, आत १ टीबीची एकच हार्ड डिस्क, आणि ती आता सुरू होताना कण्हते.

पर्याय तीन दिसतात. एक्स्टर्नल डिस्क आणून कॉपी करत राहणं, क्लाउडवर जागा विकत घेणं, किंवा साळा म्हणतो तसं दोन डिस्कचं नास, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा, बसवणं. साळा पुण्यात आयटीत आहे, त्याला कुठल्याही दुखण्यावर सर्व्हरच सुचतो.

एकदाच दहा हजारांपर्यंत खर्च चालेल, दरवर्षी मोठी रक्कम नको. करणारा माणूस मी, त्यामुळे कटकटीचं असेल तर ते होणार नाही हे धरून चाला. आणि घर तळमजल्यावर, अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला आहे. हे का सांगतोय ते नागपूरकरांना कळेल.

तर्री_मारके
एक्स्टर्नल घ्या, रविवारी कॉपी लावा, तर्री पोहे खाऊन या. तोवर झालेलं असते. विषय संपला.

बर्डीतला_बाळ्या
विषय संपत नाही ना भाऊ. मी बर्डीत रिपेरिंग करतो, रोज पाहून राहिलो. गिऱ्हाईक म्हणते बॅकअप आहे. कुठी आहे? तं त्याच मशीनच्या डी ड्राइव्हले! एकाच डिस्कचे दोन भाग पाडले न् सी मधलं डी मध्ये टाकलं, तं तो बॅकअप कसा होईन बाप्पा? डिस्क बसली की सी भी गेला न् डी भी गेला.

धागाकर्ते, तुमची डिस्क कण्हून राहिली म्हणता. पहिले क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, डिस्कची तब्येत दाखवते, फुकट आहे. निळं दिसलं तं ठीक. पिवळं दिसलं तं 'रिअलोकेटेड' अन् 'पेंडिंग' सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांचे आकडे पाहा. ते वाढून राहिले असन तं आजच्या आज मिळन त्या डिस्कवर महत्त्वाचं काढा, चर्चा मग. टकटक आवाज आला तं बंद-चालू करत बसू नका, तेवढ्यात आतली तबकडी खरवडते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, तो तं बिलकुल नाही.

अंबाझरी_खालचा
पाहिलं बाळ्याभाऊ. निळं आहे, पण चालू तासांचा आकडा तीस हजारांच्या वर दाखवतंय.

बर्डीतला_बाळ्या
म्हणजे नोकरी पुरी झाली तिची. पेन्शनीत काढा.

खामला_मेल
या विषयात ३-२-१ चा एक जुना हिशेब आहे. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने तो लोकांपुढे आणला, म्हणजे फोटो सांभाळणाऱ्या माणसाच्या गरजेतूनच आलेला. मूळ धरून तीन प्रती, दोन निराळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. तीन आणि दोन लोक कसेबसे पाळतात, एकावर येऊन सगळे अडतात.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडलेला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत, मोर भवनच्या बसगाड्या पाण्यात. माझे एक नातेवाईक त्याच पट्ट्यात तळमजल्यावर राहतात. सीपीयू टेबलाखाली, एक्स्टर्नल डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. प्रती दोन होत्या, दोन्हींना एकदमच जलसमाधी मिळाली. डिस्क की क्लाउड हे नंतर बघू. दुसरी प्रत कोणत्या मोहल्ल्यात राहणार, ते आधी ठरवा.

तर्री_मारके
बरं, विषय संपला नाही.

ढगाळ_हवामान
म्हणून तर मी क्लाउडवाली. पाणी शिरो की चोर, प्रत शहराबाहेर असते. पण ६०० जीबी वर ढकलायचे तर इंटरनेटच्या अपलोडचा वेग बघा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बहुतेक वेळा डाउनलोडचा. अपलोड सलग ४० एमबीपीएस मिळाला तर ६०० जीबीला साधारण ३३ तास, १० मिळाला तर साडेपाच दिवस. एवढं एकदाच, नंतर फक्त बदललेल्या फायली जातात.

फुकटात भागणार नाही. गूगलच्या १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघंही जेवतात, आणि फोटो हवे तेवढे फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ पासून गेली. वनड्राइव्ह ५ जीबी देतं.

गोरेवाडा_गेट
परदेशी बॅकअप कंपनी घेणार असाल तर कार्डाचंही बघून घ्या. ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांवर रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाले, ई-मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली मंजुरी, नीट नसेल तर वर्गणी जातच नाही. वर्गणी थकली की कंपनी मुदत देते आणि मग डेटा पुसते. ईमेल येतात, पण प्रमोशनच्या टॅबमध्ये.

दुसरं असं की वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हचं फोल्डर म्हणजे बॅकअप नाही. ते सिंक आहे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, इथे फाइल बिघडली की बिघडलेलीच फाइल वर जाते.

ढगाळ_हवामान
अर्धं पटलं. पुसलेली फाइल दोन्हीकडे ३० दिवस कचरापेटीत असते, आणि जुन्या आवृत्त्याही परत मिळतात. सामान्य घराला एवढं पुरतं.

गोरेवाडा_गेट
पोरीने दिवाळीत काय पुसलं ते मार्चमध्ये कळलं तर? ३० दिवस कधीच होऊन गेले. घरात चौघं एकच मशीन वापरतात, कोण काय पुसतं हे कोणाला ठाऊक नसतं.

ढगाळ_हवामान
हं. हा मुद्दा तुमचा.

साळाच_मी
मी तो साळा नाही, पण कोणाचा तरी साळा आहेच, म्हणून नासच्या बाजूने दोन शब्द. घरात तीन-चार लॅपटॉप, फोन असतील तर नास झकास. सगळ्यांचा बॅकअप रात्री आपोआप एका डब्यात, कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही. वर धागाकर्त्याने स्वतःच लिहिलंय की कटकट असेल तर होणार नाही. आपोआप होणं हीच खरी गोष्ट.

खामला_मेल
आपोआप होण्याबद्दल दुमत नाही. पण कॉम्प्युटर एक, त्यासाठी दुसरा कॉम्प्युटर पोसायचा? शिवाय दोन डिस्कवर एकसारखं लिहिणं, म्हणजे तुमचं रेड १, हे एक डिस्क बंद पडली तर काम थांबू नये म्हणून असतं. फाइल पुसली तर दोन्हींवरून एकाच क्षणी पुसली जाते. लाइट गेली-आली की जपायला यूपीएस वेगळा. आणि पाणी आलं तर तो डबाही तळमजल्यावरच. दहा हजारांत डबा आणि दोन डिस्क बसतील असं मला वाटत नाही.

साळाच_मी
दहा हजार वाचायचे राहून गेले होते का माझे? 😄 मग राहू द्या.

उन्हाळी_बॅच
उन्हाचं कोणीच बोललं नाही! बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या कागदावर चालू असतानाचं तापमान ३५ अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं, ते खोलीचं. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ होतं. कूलर बंद असलेल्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी ६०० जीबीची कॉपी लावली तर डिस्क हातात धरवत नाही. उन्हाळ्यात हे काम सकाळी सहाला. आणि डिस्क गाडीच्या डिकीत ठेवून ऑफिसात जायचं नाही.

तर्री_मारके
४७.९ कुठलं, २०२४ च्या मे महिन्यात ५६ होतं ना!

उन्हाळी_बॅच
ते स्वयंचलित केंद्राचं सेन्सर बिघडलं होतं, हवामान खात्यानेच सांगितलं.

तर्री_मारके
पाहा, सेन्सरले भी ऊन लागते. डिस्कचं काय घेऊन बसले.

मानेवाडा_रिंगरोड
मग हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या ना. आत काही फिरत नाही, पडली तरी बरेचदा वाचते, वेगही जास्त.

बर्डीतला_बाळ्या
रोजच्या कामाले एसएसडीच. आता जी म्हातारी आहे तिच्या जागी एसएसडी टाका, मशीन पळन. पण कपाटात टाकून वर्षभर विसरायची असन तं मले फिरणारी डिस्क बरी वाटते. एसएसडी डेटा विजेच्या भारावर धरून ठेवते, तो हळूहळू गळते. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या संस्थेचं मानक आहे: लिहून लिहून आयुष्य संपत आलेली एसएसडी विजेविना ३० अंशाले एक वर्ष टिकली पाहिजे. नवी असन तं बरीच जास्त टिकते. पण ३० अंश! आपल्या कपाटात मे महिन्यात ३० असते का? उष्णता वाढली की गळती वाढते. एसएसडीच घेतली तं दर दोन-तीन महिन्यांनी जोडत जा.

अन् बंद पडलेल्या डिस्का दुकानात पोत्यानं पडल्या आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई घेऊन जाणाऱ्या पिवळ्या न् काळ्या मारबतीची मिरवणूक निघते, तवा रस्त्यावर आणून ठेवीन म्हणतो. खराब सेक्टर, व्हायरस, बिना बिलाचे पेनड्राइव्ह घेऊन जा गे मारबत!

ढगाळ_हवामान
😂😂 पिवळी की काळी?

बर्डीतला_बाळ्या
निळी, ताई. विंडोजची.

गोरेवाडा_गेट
धाग्यावर परत येऊ. एक्स्टर्नल डिस्क घेतली तर ती कायम लावून ठेवायची नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं होतं तेव्हापासून हे सांगून घसा कोरडा झाला. असलं खंडणीचं व्हायरस मशीनला जोडलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतं, बॅकअपचीही. कॉपी झाली की 'सेफली रिमूव्ह' करून काढा. पावसाळ्यात वीज कडाडते तेव्हाही हेच कामी येतं.

साळाच_मी
म्हणजे लावून ठेवली तर आपोआप होतं पण धोका, काढून ठेवली तर सुरक्षित पण आठवण ठेवा. हाच तर सगळा घोळ आहे.

खामला_मेल
दोन डिस्क घ्या, घोळ सुटतो. एक लावलेली, दुसरी घराबाहेर. महिन्यातून एकदा अदलाबदल. लावलेलीवर विंडोजचं 'फाइल हिस्टरी' चालू करा, ते मूळचंच दर तासाला बदललेल्या फायली उचलतं आणि जुन्या आवृत्त्या ठेवतं. फक्त ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असली नेहमीची फोल्डरं बघतं. ई ड्राइव्हवर 'नवीन फोल्डर ३' मध्ये बाबांचे फोटो असतील तर ते आपणहून घेणार नाही, ते फोल्डर त्यात वेगळं टाकावं लागतं. बाहेरच्या डिस्कसाठी फ्रीफाइलसिंक, फुकट आहे. त्यात 'मिरर' निवडाल तर मूळच्या जागी पुसलेलं तिकडूनही पुसलं जाईल, म्हणून पुसलेल्या फायली वेगळ्या फोल्डरात ठेवायचा पर्याय निवडा.

पेंग्विन_सदर
विंडोज काढून लिनक्स टाका. त्यात कॉपीसाठी आरसिंक १९९६ पासून आहे, एका ओळीत काम.

तर्री_मारके
आले! मी म्हणतच होतो अजून कसे नाही आले.

पेंग्विन_सदर
हसा. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, धागाकर्त्याचं जुनं मशीन ११ ला चालेल का ते त्यांनी बघितलं का? बदल करावाच लागणार, आणि बदलाच्या आधी पूर्ण प्रत हवीच. विंडोज ११ च्या नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डिस्क बरेचदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. तिची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मशीन बिघडलं आणि डिस्क दुसरीकडे लावली की तीच मागते.

अंबाझरी_खालचा
एवढे प्रतिसाद! सगळं वाचतोय. मशीन ११ ला चालत नाही, तपासलं. लिनक्सवर टॅलीचं कसं करायचं हे बायकोला समजावणारा माणूस मला हवा आहे.

पेंग्विन_सदर
मी माघार घेतो.

अनुस्वार
मी बरीच वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानं जुळवायचं काम केलं, म्हणून एक वेगळाच प्रश्न. बाबांचे देवस्थानाचे कागद कोणत्या फॉन्टमध्ये आहेत?

अंबाझरी_खालचा
बरेचसे श्रीलिपीत, काही पानं जुळवायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरमध्ये. का हो ताई?

अनुस्वार
मग तुमचा बॅकअप डिस्कवर झाला काय नि क्लाउडवर झाला काय, दहा वर्षांनी उघडाल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसेल. हे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीतले, नाहीत. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागा असतात, त्यावर मराठी आकार फॉन्ट चढवतो. फॉन्ट गेला की मजकूर गेल्यातच जमा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती २००१ ची. आजच्या मशीनवर ती चालवणं म्हणजे वेगळा उद्योग. जुन्या मराठी सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे मशीनला लावायची किल्ली, लागायचं, ते खणात कुठे पडलंय बघा.

मी करायला लावते ते असं. जुनं मशीन चालू आहे तोवर प्रत्येक फाइल उघडून पीडीएफ करून घ्या, त्यात फॉन्ट आत बसतो. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले मराठी फॉन्ट वेगळ्या फोल्डरात काढून ठेवा. ज्या मजकुरात पुढे बदल करावे लागतील, देणगीदारांच्या याद्या वगैरे, तेवढा युनिकोडमध्ये बदलून घ्या. रूपांतर केल्यावर रफार आणि जोडाक्षरं बाबांकडून तपासून घ्या, तिथे हमखास चुका राहतात. हे काम बाबांच्या हातचं आहे, आणि त्यांना आवडेल.

खामला_मेल
दंडवत. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

बर्डीतला_बाळ्या
ताई खरं सांगून राहिल्या. इतवारीतले छापखानेवाले येतात माझ्याकडं, 'सगळं आहे पण काहीच वाचता येत नाही' म्हणत. त्यांच्याचसाठी एक एक्सपीचं मशीन जिवंत ठेवलं आहे.

मानेवाडा_रिंगरोड
टॅलीचंही बघा. टॅली उघडं असताना डेटाचं फोल्डर कॉपी केलं तर अर्धवट प्रत मिळू शकते. टॅलीच्या आतूनच बॅकअप घ्यायचा आणि ती फाइल डिस्कवर टाकायची. जीएसटीच्या कायद्यात वह्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायला सांगितल्या आहेत. जबाबदारी दुकानदाराची, पण फोन तुमच्या घरीच येणार.

अंबाझरी_खालचा
नमस्कार. ही मी, यांची बायको, यांच्याच खात्यावरून लिहितेय. चहा आणायला गेले तर हे टॅलीबद्दल लोकांना विचारत बसलेले दिसले. टॅलीचा बॅकअप मी रोज काम संपलं की घेते, पासवर्ड घालून झिप करते आणि माझ्याच दुसऱ्या ईमेलवर पाठवते. महिन्याच्या शेवटी पेनड्राइव्हवर काढून त्या-त्या दुकानदाराला देते. दोन वर्षांपूर्वी एकाच्या नोटिशीला त्यातूनच उत्तर दिलं. घरात बॅकअप नाही तो यांचा. धन्यवाद.

तर्री_मारके
वहिनी 🙏 धागा इथंच कुलूपबंद करा.

ढगाळ_हवामान
वहिनींचं खातं कुठे काढता येईल हो?

गोरेवाडा_गेट
त्यांनी नोटिशीच्या वेळी त्या प्रतीतून डेटा परत काढला, हे सगळ्यात मोलाचं. बॅकअप घेणारे पुष्कळ, उघडून पाहणारे थोडे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती लावलेल्या होत्या, ऐन वेळी एकही धड चालेना. सुदैवाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली, त्यावरून गाडी रुळावर आली. पगारी माणसं ठेवणाऱ्या कंपनीचं हे झालं. घरी महिन्यातून एकदा डिस्क बदलताना कुठल्या तरी चार फायली उघडून बघा. एक जुना फोटो, एक पीडीएफ, वहिनींची एक झिप.

अंबाझरी_खालचा
मी परत आलोय. चहा मिळाला, सोबत टोमणेही.

तर ठरलं ते असं. आतली डिस्क काढून एसएसडी. दोन एक्स्टर्नल, १ टीबीच्या, कारण एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान बऱ्या हे पटलं. एक घरी, पण पहिल्या मजल्यावरच्या घरमालकांच्या कपाटात, आणि सकाळी तेवढी खाली आणायची. दुसरी नंदनवनला बहिणीकडे, ती तिसऱ्या मजल्यावर राहते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्याकडे जेवायला जातोच, तेव्हा अदलाबदल. क्लाउडवर फक्त बाबांच्या पीडीएफ आणि निवडक फोटो, तेवढं फुकटात बसेल. नास नाही, साळ्याला मी सांगतो. आता शंका एकच: बहिणीकडे डिस्क उघडी ठेवायची का? त्यात हिचा दुकानदारांचा डेटा असेल.

पेंग्विन_सदर
व्हेराक्रिप्टने पासवर्ड लावा. फुकट आहे आणि विंडोजवरही चालतं, घाबरू नका. पासवर्ड घरात दोघांना माहीत हवा. डिस्कच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहिलेला नको, असं करणारे लोक आहेत.

मानेवाडा_रिंगरोड
१ टीबी घेतली की विंडोज ९३१ जीबीच दाखवेल, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. आणि जुन्या एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडकतो. एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या.

बर्डीतला_बाळ्या
दोन डिस्का दोन वेगवेगळ्या कंपनीच्या घ्या भाऊ. एकाच लॉटच्या असल्या की कधीकधी सोबतच आजारी पडतात. अन् केबल यूएसबी ३ चीच पाहिजे, जुन्या पोर्टात लावली तं चार-पाच तास बसान. एसएसडी टाकायची असन तं मशीन घेऊन या, जुन्या डिस्कवरचं मी तुमच्यासमोर उतरवून देतो, घरी ठेवून जायचं काम नाही.

अंबाझरी_खालचा
शनिवारी आलो तर चालेल का? दुकान किती वाजता उघडतं?

बर्डीतला_बाळ्या
अकराले. शनिवारी बर्डीत गाडी लावाले जागा भेटत नाही. एलएडी चौकातून मेट्रोनं या, सीताबर्डी इंटरचेंजले उतरा. सीपीयूच आणजा, मॉनिटर नका आणू, लोक आणतात.